वंशावळीतली रेघ

वंशावळीत एखाद्या नावाखाली काहीच नसतं. वर बाप, शेजारी भाऊ, भावांच्या खाली मुलं-नातवंडं पसरत गेलेली, आणि या एका नावाखाली नुसती आडवी रेघ. कधी ‘निर्वंश’ लिहिलेलं असतं, कधी ‘परागंदा’, कधी तेवढंही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना फारच खोदून विचारलं तर आवाज खाली आणून एवढंच सांगतात, ‘त्यांना काळ्या पाण्यावर धाडलं होतं.’ कधी, कुठे, कशापायी, हे पुढचे प्रश्न त्या आवाजातच विरून जातात.

त्या रेघेमागे जायचं असेल, तर शोधायला पुष्कळ आहे. ज्या सरकारने त्या माणसाला घरातून उचललं, त्याच सरकारने त्याला इतकं बारकाईने लिहून ठेवलं, की तेवढं त्याच्या घरच्यांनी कधी लिहिलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकातला साधा कुणबी, कोळी, रामोशी, नाहीतर गावातली एखादी विधवा कशी दिसत होती? उंची किती, अंगावर देवीचे व्रण होते का, कान टोचले होते का, हातावर गोंदण कोणतं होतं? सरदार-सावकारांची चित्रं राहिली, पण अशा माणसांचं वर्णन आज कुठे मिळत असेल तर बहुतेक कैद्यांच्या यादीतच. घरात राहिलेल्या भावांबद्दल आपल्याला एवढं कधीच कळणार नाही. माझ्या मते या शोधाची सगळी किंमत इथे आहे. त्याने काय केलं हे कळेल न कळेल, पण तो कोण होता हे कळू शकतं.

सुरुवात सालापासून करायची, जागेपासून नाही. ‘काळं पाणी’ म्हटलं की डोळ्यांसमोर अंदमान उभं राहतं, अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल, आणि सेल्युलर जेल म्हटलं की सावरकर बंधू. घरची हकिकतही मग त्याच साच्यात बसते. खापरपणजोबा १८३२ साली गेले असं घरात सांगतात आणि त्याच दमात त्यांना सेल्युलर जेलच्या कोठडीत कोलू ओढायलाही लावतात. त्या जेलचं बांधकाम १८९६ साली सुरू झालं आणि १९०६ साली संपलं. १८३२ साली अंदमानात वसाहतच नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे एक वसाहत झाली होती, पण रोगराईपायी १७९६ साली ती मोडली. पुढे सत्तावनच्या उठावानंतर, १० मार्च १८५८ रोजी, डॉ. वॉकर हा अधिकारी दोनशे कैदी घेऊन ‘सेमिरामिस’ जहाजाने तिथे उतरला. अंदमान तिथून सुरू होतं.

त्याआधीचा कैदी असेल, तर कागद दुसऱ्या बंदरात आहेत. १७८७पासून कंपनी सरकार हिंदुस्थानातले कैदी सुमात्रा बेटावरच्या बेंकूलनला पाठवत होतं. मग पिनांग आलं. १८२५ साली बेंकूलन डचांकडे गेल्यावर तिथले कैदी सिंगापूरला हलवले आणि सिंगापूर हे मोठं ठाणं झालं. तिथले रस्ते, पूल, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल यांना हिंदी कैद्यांचे हात लागलेले आहेत. ती कैदी-व्यवस्था १८७३ साली बंद झाली. मॉरिशसला १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून मिळून दीड हजाराच्या आसपास कैदी गेले. १८३६ साली चार्ल्स डार्विन तिथे उतरला, तेव्हा सार्वजनिक कामांवर राबणारे आठशेएक हिंदी कैदी असल्याचं त्याने लिहून ठेवलं आणि त्यांच्या रूपाचं व वागणुकीचं कौतुकही केलं. त्या आठशेंत मुंबई इलाख्यातलेही होते. ब्रह्मदेशाचा किनारा ताब्यात आल्यावर मोलमीन आणि आराकान ही आणखी ठिकाणं झाली. आणि एडन विसरू नये. वासुदेव बळवंत फडके यांना अंदमानला नाही, एडनला नेलं. १८८३ साली ते तिथेच वारले.

म्हणजे घरात नुसतं ‘काळं पाणी’ एवढाच शब्द उरला असेल, तर साल कळल्याशिवाय एकही दफ्तर उघडण्यात अर्थ नाही. साल नेमकं सापडत नसेल तर पिढ्यांवरून अंदाज बांधावा. एका पिढीला पंचवीस ते तीस वर्षं धरली, तर पाचव्या पिढीपर्यंत जाताना वीस-पंचवीस वर्षांची चूक सहज होते, आणि तेवढ्या चुकीत सिंगापूरचं अंदमान होतं. म्हणून अंदाज एका सालाचा न करता एका पट्ट्याचा करावा, समजा १८४० ते १८६५, आणि दोन्ही टोकांची दफ्तरं बघायची तयारी ठेवावी.

काळं पाणी एकाच दिशेने वाहत नव्हतं, हेही इथे सांगावंसं वाटतं. इकडचे कैदी सिंगापूरला जात होते, त्याच काळात तिकडचे चिनी आणि मलायी कैदी मुंबई इलाख्यात येत होते. महाबळेश्वरला १८३४च्या सुमारास त्यांच्यासाठी तुरुंग होता, तो १८६४ साली बंद झाला. त्यांनी तिथले रस्ते केले, बटाटे आणि भाजीपाला पिकवला. ‘चायनामन्स फॉल’ हे धबधब्याचं नाव त्यांच्या मळ्यावरून पडलं. कँटनकडच्या कुठल्याशा गावातल्या वंशावळीतही अशीच एक रेघ असेल आणि तिचं दुसरं टोक आपल्या सह्याद्रीत असेल. आपल्या माणसाचे कागद वाचताना हे मनात असलं, की ‘दूरच्या बेटावर टाकलं’ या शब्दांचा अर्थ नीट कळतो. दूर कोण, हे जहाज कुठून सुटलं त्यावर ठरत होतं.

आता दुसरा खड्डा. शिक्षा झाली म्हणजे माणूस गेलाच, असं नाही. १८६०च्या दंडसंहितेत ‘ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ’ ही वेगळी शिक्षा होती आणि मराठीत तिलाच जन्मठेप म्हणत. हा कायदा १ जानेवारी १८६२पासून लागू झाला. ‘जन्मभर हद्दपारी’ जाऊन ‘जन्मभर कैद’ हा बदल १ जानेवारी १९५६ला झाला, म्हणून जुन्या कागदातली जन्मठेप आजच्या अर्थाने वाचू नये. शिवाय सात किंवा अधिक वर्षांच्या कैदेला पात्र गुन्हा असेल, तर कलम ५९खाली न्यायाधीश कैदेऐवजी मुदतीची हद्दपारी देऊ शके. पण मुदतीच्या हद्दपारीतले पुष्कळ कैदी प्रत्यक्षात इकडच्याच तुरुंगांत राहिले. म्हातारे, अधू, डॉक्टरने प्रवासाला नालायक ठरवलेले हेही मागे राहत. निकालपत्रात ‘हद्दपारी’ दिसली म्हणून थेट पोर्ट ब्लेअरच्या यादीत नाव शोधत बसलं, तर महिने वाया जातात, आणि माणूस मात्र ठाण्याच्या नाहीतर येरवड्याच्या तुरुंगात वारलेला असतो.

ठाणे हा शब्द या शोधात पुन्हा पुन्हा येतो. इलाख्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून हद्दपारीचे कैदी ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगात जमा करत आणि पुरेसे झाले की त्यांची तुकडी पुढे निघे. या तुकडीला चलान म्हणत. शिडाच्या जहाजांच्या काळात चलान मुंबई बंदरातून थेट निघे. विसाव्या शतकात ते आगगाडीने मद्रासला आणि तिथून आगबोटीने जाऊ लागलं. सावरकरांचा १९११चा प्रवास असाच झाला: डोंगरी, भायखळा, ठाणे, मग गाडीने मद्रास आणि तिथून ‘महाराजा’ बोट. आपल्या माणसाच्या कागदांची साखळीही याच क्रमाने लावावी: गावची पोलीस चौकशी, मॅजिस्ट्रेट, सेशन्स कोर्ट, जिल्ह्याचा तुरुंग, ठाणे, चलानाची यादी, बोट, बंदरावरची नोंद. मधली एक कडी हरवली तरी दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून तारखेचा पट्टा आवळता येतो. सेशन्सचा निकाल मार्चचा आणि बंदरावरची नोंद डिसेंबरची असेल, तर ठाण्याचे कागद त्या नऊ महिन्यांतच बघायचे.

फाशीची शिक्षा सेशन्स न्यायाधीशाला स्वतःच्या अखत्यारीत अमलात आणता येत नसे. ती वरच्या कोर्टाकडे कायम करायला जाई. हायकोर्ट १८६२ साली स्थापन झालं. त्याआधी मुंबई शहरासाठी सुप्रीम कोर्ट होतं आणि बाहेरच्या मुलखासाठी सदर फौजदारी अदालत. तिथे किंवा नंतर सरकारकडे फाशीची जन्मठेप झाली, तर तेवढे जास्तीचे कागद तयार झाले. फाशी टळलेल्या माणसाची फाइल साध्या दरोड्यातल्या माणसापेक्षा जाड असते. शोधणाऱ्याने आधी तीच बाजू तपासावी.

नावाचा घोळ या सगळ्याहून मोठा. घरात ज्या आडनावाने शोध सुरू होतो, ते आडनाव कागदात बहुधा नसतंच. मुंबई इलाख्याच्या कोर्टात साध्या माणसाची ओळख होती स्वतःचं नाव, ‘बिन’, आणि बापाचं नाव. मुसलमान असेल तर ‘वलद’. बाई असेल तर ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. पुढे जात, वय, गाव, तालुका. समजा, रामा बिन सखोजी, जात कुणबी, वय ३०, मौजे अमुक. एका तालुक्यात एका पिढीत रामा बिन सखोजी चार निघू शकतात. म्हणून नुसतं खापरपणजोबांचं नाव माहीत असून भागत नाही. त्यांच्या बापाचं नाव आणि गाव, हे दोन्ही हातात असल्याशिवाय दफ्तरखान्याची पायरी चढू नये.

त्यात ही नावं इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून रोमन लिपीत उतरवलेली. १८७०च्या आधी लिहिण्याला कसलाच नियम नव्हता. ‘ऊ’ला दोन ओ, ‘ई’ला दोन ई, ‘अ’च्या जागी यू. ‘व’चा डब्ल्यू होतो, नाहीतर बी. ‘ळ’चा एल, ‘ण’चा एन, आणि महाप्राण कुठे असेल कुठे नसेल. गणू, गणोजी, गुणाजी ही तीन माणसं एका शब्दात मिसळतात. सूचीत शोधताना नावाचं पहिलं अक्षर धरून बसू नये. मधली व्यंजनं धरावीत आणि स्वर सगळे सैल सोडावेत. हेच गावाच्या नावाला. ठाण्याचं ‘टॅना’, कल्याणचं ‘कॅलियन’, वसईचं ‘बॅसीन’ इतकं तरी ओळखू येतं. लहान खेड्यांच्या नावाचं काय होतं ते कागद बघितल्यावरच कळतं. तालुक्याच्या नकाशावरची सगळी गावं मोठ्याने वाचत जावं, कारकुनाने लिहिलेला शब्द कोणत्या उच्चाराजवळ जातो ते कान लगेच सांगतो.

एक चकवा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. जातीच्या रकान्यात ‘कूली’ दिसतं. वाचणारा समजतो, हमाल होता. पण त्या काळी कोळी हा शब्दही इंग्रजीत तसाच लिहीत. नाशिक, नगर, पुणे, ठाणे या डोंगरपट्ट्यातला कैदी असेल, तर ‘कूली’ म्हणजे कोळी असण्याचीच शक्यता जास्त. एवढ्या एका अक्षराच्या गोंधळापायी डोंगरातल्या महादेव कोळ्याचा बंदरावरचा हमाल होतो आणि शोध भलत्या वस्तीत भरकटतो.

जिल्हेही तेव्हाचे धरायचे. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीतच होता. रायगडचं नाव कुलाबा होतं. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला, त्याआधी तो मुलूख नगर आणि खानदेशाखाली होता. खानदेश १९०६पर्यंत अखंड. सातारा १८४८पर्यंत छत्रपतींचं संस्थान. मराठवाडा निजामाकडे, तर नागपूरकडचा भाग १८६१पासून मध्य प्रांतात. मुंबई इलाख्याबाहेरच्या या मुलखांतली माणसं मुंबईच्या दफ्तरात शोधून हाती काही लागत नाही.

आणि मोडी. कोर्टापुढच्या जबान्या, पंचनामे, बायकोने केलेले अर्ज मोडीत असत आणि वर इंग्रजी गोषवारा जोडलेला असे. बरेच जण गोषवारा वाचून थांबतात. गोषवारा साहेबाला सांगण्यापुरता असतो. माणसाचं बोलणं खालच्या मोडीत असतं. मोडी शिकायला दोन-तीन महिन्यांचा रोजचा सराव पुरतो. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, शब्द तोडून लिहिलेले नसतात, आणि ‘बिन’, ‘मौजे’, ‘तर्फ’, ‘मजकूर’ अशा नेहमीच्या शब्दांची ठरलेली आखूड रूपं असतात. ती तीस-चाळीस रूपं आधी हातावर बसवावीत, बाकीचा मजकूर मग हळूहळू सुटतो. तारखांचं गणित सोपं, पण चुकतं हमखास. शकात ७८ मिळवले की इसवी सन. दख्खनी फसलीत, म्हणजे महसुली वर्षात, ५९०. फसली वर्ष जूनमध्ये, मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून फसली १२८७ म्हणजे जून १८७७ ते जून १८७८. गावचा कागद फसलीत आणि कोर्टाचा इसवीत असला, की एकाच घटनेच्या दोन घटना होतात.

आता ती ओळ. कैद्यांच्या वर्णनाची यादी म्हणजे रुंद, आडवा तक्ता. नंबर, नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची फूट-इंचांत, अंगावरच्या खुणा, गाव-जिल्हा, गुन्हा, कोर्ट, शिक्षेची तारीख, मुदत, आणि शेवटी शेरा. वय गोल आकड्यात असतं: २५, ३०, ४०. ते कारकुनाने चेहऱ्याकडे बघून टाकलेलं, पाचेक वर्षं इकडे-तिकडे धरायचं. उंची मात्र मोजलेली असे. वाचणाऱ्याची नजर गुन्ह्याच्या रकान्याकडे आधी धावते. तसं करू नये. आधी खुणांचा रकाना वाचावा. डाव्या भुवईवर व्रण. दोन्ही कान टोचलेले. उजव्या मनगटावर गोंदण. पाठीवर डाग. भुवईवरचा व्रण लहानपणी गोफणीच्या दगडाने झाला असेल, नाहीतर विळ्याने, ते कुणी लिहिलेलं नाही, कारण लिहिणाऱ्याला ते नको होतं. त्याला पळालेला माणूस ओळखण्यापुरती खूण हवी होती. बाईच्या ओळीत कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण लिहिलेलं असतं. ते आईने किंवा सासूने जत्रेत गोंदणारणीकडून काढून घेतलेलं, बरोबर न्यायचा एकच दागिना म्हणून. तिच्यासोबत ते समुद्रापार गेलं आणि सरकारी रकान्यात बसलं.

एक गोंदण मात्र वेगळं. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत. १८४९ साली ती पद्धत कायद्याने बंद झाली. सिंगापूर किंवा मॉरिशसच्या यादीत कपाळावर अक्षरं असलेला माणूस दिसला, तर तो आपल्या इलाख्यातला आहे का, हे आधी पडताळून घ्यावं.

हे कागद बसलेत कुठे? इलाख्याच्या बाजूचे मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. खातं ज्युडिशियल. वर्षवार खंड, खंडात कंपायलेशन, म्हणजे एकेका विषयाच्या कागदांचा गठ्ठा. साल, खंड आणि कंपायलेशन हे तीन आकडे दर वेळी वहीत उतरवून घ्यायचे. नुसता मजकूर उतरवून घेतला, तर तोच कागद पुन्हा सापडायचा नाही. केंद्र सरकारच्या बाजूचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, होम डिपार्टमेंटच्या पोर्ट ब्लेअर शाखेत. त्याची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येते आणि पुष्कळ कागद तिथे वाचायलाही मिळतात. सिंगापूरचे कागद तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्ट्रेट्स सेटलमेंट्सच्या दफ्तरात आहेत, मॉरिशसचे तिथल्या अभिलेखागारात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात मुंबईच्या ज्युडिशियल कामकाजाच्या प्रती आहेत. मुंबईतलं पान वाळवीने खाल्लं असेल, तर तेच पान तिथे शाबूत असू शकतं.

दिल्लीच्या सूचीत नाव सापडलं की आनंद होतो, आणि मग फाइल मागितली की ती नाही असं कळतं. यामागे कारण आहे. त्या काळी कामकाजाचे तीन वर्ग करत: ए, बी आणि डिपॉझिट. ए म्हणजे महत्त्वाचं, छापून कायम ठेवायचं. बी न छापलेलं. डिपॉझिट काही काळ ठेवून पुढे काढून टाकायचं. साध्या कैद्याच्या बायकोचा सुटकेचा अर्ज ए वर्गात क्वचितच जाई. म्हणून सूचीत अर्जाची एक ओळ उरते आणि अर्ज उरत नाही. अशा वेळी त्याच तारखेच्या आसपासची मुंबईची बाजू बघावी. अर्ज मुळात जिल्ह्यातून मुंबईला आणि मुंबईहून पुढे गेलेला असतो, वाटेत त्याची नक्कल राहिलेली असू शकते. पोर्ट ब्लेअरचं स्थानिक दफ्तर तर १९४२ ते १९४५च्या जपानी अमलात बरंचसं नष्ट झालं. जे आहे ते मुख्यतः दिल्लीला आणि लंडनला पाठवलेल्या पत्रांच्या रूपात.

अंदमानात उतरलेल्या माणसाचा पुढचा माग नियमांवरून काढता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आखणी अशी होती: जन्मठेपेचा पुरुष पहिले सहा महिने एकट्याच्या कोठडीत, पुढचं दीड वर्ष इतरांबरोबरच्या तुरुंगात, मग तीन वर्षं बाहेर सक्त मजुरी, मग पाच वर्षं थोड्या भत्त्याची कामं. अशी दहा वर्षं भरली की वागणूक बघून तिकीट मिळे. तिकीटवाल्याला ‘सेल्फ सपोर्टर’ म्हणत. तो जमीन कसू शके, गुरं ठेवू शके, गावाकडून बायको बोलावू शके किंवा बाई कैद्याशी लग्न करू शके. वीस ते पंचवीस वर्षांनी पूर्ण सुटका. बायांना हे सगळं लवकर: पाच वर्षांनी तिकीट, पंधरा वर्षांनी सुटका. म्हणून माणूस १८९७ साली उतरला असेल, तर १९०७च्या आसपास लग्न, जमीन, बायकोला बोलावल्याचा पत्रव्यवहार या नोंदी शोधाव्यात आणि १९१७ ते १९२२मध्ये सुटकेच्या. १८७७चा दिल्ली दरबार, राणीचे १८८७ आणि १८९७चे ज्युबिली उत्सव, १९११चा दरबार या प्रसंगी माफ्या दिल्या जात, तीही सालं तपासावीत. गळ्यातल्या लाकडी बिल्ल्यावर नंबर, कलम, शिक्षेची आणि सुटकेची तारीख कोरलेली असे. पुढे सगळ्या कागदांत नाव मागे पडतं आणि तो नंबरच चालतो. नंबर एकदा हाती आला, की नावाच्या स्पेलिंगचा त्रास संपतो.

तिथेच राहून संसार केला असेल, तर वंश खुंटलेला नाही. बेटांवर कैद्यांच्या मुलाबाळांचा ‘लोकल बॉर्न’ म्हणून समाज आहे. पोर्ट ब्लेअरचं, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचं, शादीपूर हे नावच त्या लग्नांवरून पडलंय. पण तिथे मराठी आडनाव शोधू नये. मराठी नवरा, पंजाबी बायको, शेजारी बर्मी, आणि सगळ्यांची बोली हिंदुस्थानी. दुसऱ्या पिढीत जातही उरली नाही आणि भाषाही. त्या घरात फार तर ‘दादा बंबईकडचे होते’ एवढं उरलेलं असतं. रेघेच्या त्या टोकालाही एक वंशावळ आहे आणि तिची सुरुवात कुठून होते, हे त्यांनाही हवं असतं.

मॉरिशसच्या बाबतीत आणखी एक तपासणी. १८३४पासून तिथे ऊसमळ्यांवर करारावर मजूर जाऊ लागले, त्यात कोकणातून, देशावरून गेलेली मराठी कुटुंबंही होती. घरच्या बोलण्यात करारावर गेलेलाही ‘काळ्या पाण्यापलीकडे गेला’ आणि शिक्षा झालेलाही. फरक सोपा आहे. मजुराला स्थलांतर खात्याचा नंबर मिळे, त्याचे कागद मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि इकडे कोर्टाचा निकाल नसतो. घरातला माणूस बायकोमुलं घेऊन गेला असेल, तर तो बहुधा कैदी नव्हता.

गावातला पुरावा बारीक असतो, पण तो सोडू नये. दंडसंहितेच्या कलम ६१ आणि ६२खाली काही गुन्ह्यांत मालमत्ता जप्त होई. ती कलमं १९२१ साली रद्द झाली. जमिनीच्या जुन्या पत्रकात एखाद्या सालानंतर खातेदार अचानक बदललेला दिसला, किंवा पाटील-कुलकर्ण्याच्या घरात वतन धाकट्या भावाकडे वळलेलं दिसलं, तर ते साल कोर्टाच्या बाजूने तपासावं. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत घरातली माणसं यात्रेच्या वेळी नावं लिहून जात. एका यात्रेत चार भावांची नावं आणि पुढच्या यात्रेत तिघांची असतील, तर मधला काळ हाच शोधायचा पट्टा. यात पैसा लागत नाही, पण उपाध्याय नेमका आपल्या गावाचा, आपल्या जातीचा लागतो. चुकीच्या वहीत कितीही पानं उलटली तरी काही निघत नाही.

गुन्ह्याच्या रकान्यावर शेवटी यावं. ३०२ खून, ३९५ दरोडा, ३९६ दरोड्यात खून, ४३६ घर पेटवणं, १२१ सरकारविरुद्ध युद्ध. घरात बहुतेक वेळा दोन हकिकती असतात: ‘सावकाराला मारलं’, नाहीतर ‘इंग्रजांविरुद्ध लढले’. १८५८पासून अंदमानात सुमारे ऐंशी हजार माणसं गेली, त्यांत राजबंदी थोडे. कलम ३९५ असेल, तर त्याला ओढून-ताणून १२१ करू नये. पण ३९५ म्हणजे नुसता दरोडेखोर, असंही धरू नये. शिक्षेच्या तारखेशेजारी दुष्काळाची सालं मांडावीत: १८७६ ते ७८, १८९६-९७, १८९९-१९००. पाच माणसांनी मिळून कणगी लुटली, तरी कायद्याच्या भाषेत दरोडाच होतो. लुटलेल्या मालात दागिने आहेत की जोंधळा, हे फिर्यादीच्या यादीत लिहिलेलं असतं. ती यादी निकालपत्राइतकीच लक्ष देऊन वाचावी. आणि यादीत खरंच दागिने असतील, जखमी माणसं असतील, तर तेही जसंच्या तसं लिहावं. त्या जखमी माणसाचीही वंशावळ कुणाकडे तरी आहे, आणि कदाचित त्याच गावात.

एवढं सगळं करून हाती येतं ते थोडकंच: एक नंबर, एक कलम, दोन-तीन तारखा, बोटीचं नाव, भुवईवरचा व्रण, पाच फूट तीन इंच उंची, आणि शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द, किंवा तोही नाही. हे वंशावळीत उतरवताना जुनी रेघ खोडू नये. ज्याने ती ओढली त्याचाही तो कागद आहे. तिच्या शेजारी नाव पूर्ण लिहावं, बिन आणि बापाच्या नावासकट, खाली नंबर आणि तारखा, मग खुणा. आणि मुलांची जागा असते तिथे ‘निर्वंश’ हा शब्द असेल, तर त्याच्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करून जागा मोकळी सोडावी.